नवऱ्याच्या वतीने

नवरा बोलत नाही, ही माझी तक्रार. त्याला दुरुस्त करून आणावं म्हणून मीच रावेतच्या एका समुपदेशक बाईंची वेळ घेतली. तोही आला, पण वाटेत गाडीत एवढंच म्हणाला, "ह्यानं काय झालं न्हाई, तर मी चाकणला भावाकडं राहायला जातो." ही धमकी नव्हती. त्याने भरून ठेवलेली बॅग मी सकाळीच पाहिली होती.

बाईंनी त्याला विचारलं, "घरी आल्यावर तुम्हाला काय हवं असतं?"

"त्याला ना, शांतता लागते," मी म्हणाले. पुढच्या प्रश्नाचं उत्तरही मीच दिलं. मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. प्रश्न विचारून उत्तर आपणच देऊन टाकायची सवय झाली आहे, आणि तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की तास संपल्याशिवाय थांबत नाही. नवरा मूग गिळून बसला होता. बघा, हा असाच, अशा नजरेने मी बाईंकडे पाहिलं.

बाईंनी उपदेश केला नाही. मला खुर्ची घेऊन खिडकीपाशी बसायला सांगितलं. "आता फक्त ते बोलतील. थांबले म्हणजे त्यांचं संपलं असं समजू नका. संपलं की तेच सांगतील."

माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं, ते मी कसंबसं गिळलं.

"घरी न्हाई बोलत," तो शेवटी म्हणाला. "कंपनीत लई बोलतो. जेवणाच्या सुट्टीत नकला करतो, पोरं पोट धरून हसत्यात."

"कुणाच्या?" बाईंनी विचारलं.

तो घुटमळला. मग पाठ ताठ करून, एक बोट वर करून म्हणाला, "त्याला ना, शांतता लागते."

आवाज माझा, बोटही माझंच. बाईंनी ओठ चावून हसू आवरलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच्या कंपनीतली माणसं मला कधी भेटली नव्हती, पण माझा आवाज त्यांना पाठ होता. आणि त्याचं हे मजेदार बोलणं मी लग्नाआधी कितीदा ऐकलं होतं. ते घरात बंद कधी पडलं, हे मला कळलंसुद्धा नव्हतं. लाज वाटली ती हे न कळल्याची.

परतताना ताथवड्याच्या अलीकडे ट्रॅफिकमध्ये अडकलो. तो आपणहून म्हणाला, "काल आमच्या कॅन्टीनात गंमतच झाली..." आणि गिअर टाकायला थांबला.

"भाजीत मीठ नव्हतं, तेच ना?" मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "व्हय," तो म्हणाला. "तेच."

मिठाचं मी आपलं अंदाजाने ठोकून दिलं होतं. "अरे, खरं काय झालं ते सांग ना," मी म्हणाले. दोनदा म्हणाले.

"झालं की सांगून," तो म्हणाला.

घरी आल्यावर त्याने बॅग उचलून गाडीत ठेवली.