मिटलेले डोळे

आज चर्चचे पाळकसाहेब प्रार्थनेसाठी घरी आले आणि माझ्या आजारी नवऱ्याच्या उशाशी उभे राहून म्हणाले, "डोळे मिटूया." माझे मिटले नाहीत.

तरुणपणी मी मिशनच्या मंडळींबरोबर राळेगावकडच्या एका तांड्यावर शिकवायला जायचे. त्या दुपारी कडुनिंबाखाली, वाळत्या तुरीच्या वासात प्रार्थना चालली होती. ती संपली की तांड्यावरच्या सेवंताच्या तापाने फणफणलेल्या लेकीला आमच्या जीपने दवाखान्यात न्यायचं होतं. सेवंता मांडीवरच्या लेकीकडेच बघत होती. मी दटावलं, "डोळे मिट."

"म्या मिटले तं इच्याकडं कोन पाहीन, बाई?"

"देव," मी म्हणाले. तिने मिटले.

आमेन होईस्तोवर लेक गेली होती.

आज पाळकसाहेबांचं आमेन झालं, तरी नवऱ्याच्या श्वासाबरोबर हलणाऱ्या चादरीवरून मी नजर काढली नाही.