उपरण्याखालचा फासा

आमच्या खेळात सगळ्यांची पात्रं एकदा तरी मेली होती. माझंच तेवढं मरत नव्हतं. आणि मला वाटायचं, मी लय हुशारीनं खेळते. कप्पाळ!

आधी खेळ काय ते सांगते, नाहीतर आमच्या वालूर गावातल्या निम्म्या लोकांसारखं तुम्हालाही वाटायचं की आम्ही रविवारी दुपारी जुगाराला बसतो. यात पट नाही, सोंगट्या नाहीत. एकजण गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक माणूस होऊन बोलतात, वागतात. मी भिंतीवरून उडी मारते म्हणलं, की ती जमली का फसली हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. मोठा आकडा आला तर निभावलं, लहान आला तर भोगा. हात तुटतो, घोडा मरतो, गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही. आणि या रविवारी तुटलेला हात पुढच्या रविवारीही तुटलेलाच असतो. मला या खेळातलं तेच आवडायचं.

खेळ चालवायचा माझा शाळेतला वर्गमित्र. त्याच्या आडत दुकानामागच्या खोलीत सोयाबीनच्या पोत्यांना टेकून आम्ही चौघं बसायचो: तो, त्याची बायको, म्हणजे आमची वहिनी, गावातले मेडिकलवाले काका आणि मी. त्याचे आजोबा जन्मभर बैलबाजारात उपरण्याखाली बोटं धरून सौदे करायचे. भाव दोघांनाच कळायचा, बाजाराला नाही. नातवानं ती रीत खेळात आणली. कुणाच्या जिवावर बेतलं, की तो आजोबांचं उपरणं हातावर घ्यायचा, त्याखाली फासा टाकायचा, एकटाच आत डोकवायचा आणि निकाल सांगायचा. "मजा टिकती," म्हणायचा. आम्हालाही ते भारी वाटायचं.

त्या उपरण्यानं काकांच्या शिपायाचा डोळा घेतला. वहिनीच्या दोन बाया मारल्या. दुसरी मेली तेव्हा वहिनी खरंच रडली आणि दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही. माझी होती एक वाटाडी, लोकांना डोंगरातून पलीकडं नेणारी बाई. ती दरडीखाली सापडली, वाचली. विष प्याली, वाचली. वर्षभरात तिला साधं खरचटलं नाही.

आता माझं सांगते. लग्नानंतर सात वर्षं मी चुडाव्याकडच्या एका घरात काढली. मार नव्हता. पण त्या घरात खिडकी उघडायची तरी विचारावं लागायचं, आणि विचारून विचारून मीच मला दिसेनाशी झाले. एके दिवशी सकाळी पिशवी उचलली, चुडाव्याच्या स्टेशनवर गाडीत बसले, सेलूला उतरले आणि घरी आले. कुणी हाकललं नाही, कुणी आणून सोडलं नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम मी त्या सकाळी केलं.

आणि माझ्या आईनं ते पुसून टाकलं. शेजारणीला सांगितलं, जावई लांब नोकरीला गेलेत. मामाला सांगितलं, तिची तब्येत बरी नसती. पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला गेलो, तर देवळाच्या दारात एक लांबची मावशी भेटली. आई तिला म्हणाली, "सुट्टीला आलीय." दोन वर्षांची सुट्टी! मी तिथं बाजूला नारळ धरून उभी. आई वाईट बाई नाही. लेकीला कुणी बोलू नये एवढंच तिला वाटायचं. म्हणून मीही मूग गिळून बसायची आणि आतल्या आत जळायची.

तर तो रविवार. गोष्टीत आमच्यामागं जनावर लागलेलं आणि पुढं दोरांचा पूल. सगळे पलीकडं गेले. कुणीतरी मागं राहून दोर कापल्याशिवाय जनावर थांबणार नव्हतं. मी म्हणलं, माझी वाटाडी कापती.

"आठच्या वर आलं तर ती उडी मारून पलीकडं," वर्गमित्र म्हणाला. "खाली आलं तर पुलासंगं दरीत."

उपरणं पसरलं. फासा पडल्याचा आवाज आला. त्यानं आत डोकावलं, आणि त्याच्या तोंडावरून काहीतरी गेलं. वर्गात गृहपाठ केलेला नसला की याचं असंच तोंड व्हायचं, मी ओळखते.

"सतरा," तो म्हणाला. "वाचली!"

मी उपरणं ओढलं.

फाशावर दोन होते.

काका म्हणाले, "आयला." वहिनी नवऱ्याकडं बघत राहिली. दोन बाया तिच्याही गेल्या होत्या.

"कवापासून करायलास हे?" मी विचारलं.

"राहू दे ना गं. खेळच तर हाय."

"कवापासून?"

तो पोत्याची सुतळी उसवत बसला. मग हळूच म्हणाला, "पहिल्यापासून. तुजं आधीच लय झालंय, आनखी इथं कशाला, म्हणलं."

माझं डोकंच सटकलं. "माझं काय झालंय? काय झालंय माझं? मी मेले का? कुणी टाकलं का मला?" एवढी ओरडले की पुढं दुकानात वजन करणारा हमाल आत डोकावून गेला. "माझी वाटाडी दरीत पडली. मेली ती. पण दोर कुणी कापला? तिनं कापला! तू तिला वाचवायलास म्हणजे तिनं केलेलं खोटं पाडायलास. ती पडलीच न्हाई, तर तिनं केलं तरी काय?"

मग काका म्हणाले, "बरोबर हाय हिचं. माझा डोळा गेला तवा कुणाला दया आली न्हाई." आणि वहिनीला हसू फुटलं, मलाही फुटलं, डोळ्यांत पाणी असताना.

वर्गमित्रानं कान धरले. माझ्या पात्राचा कागद पुढं ओढला आणि खाली लिहिलं: पुलावर मेली. मी म्हणलं, पुढं लिही. त्यानं लिहिलं: दोर स्वतः कापला. तो कागद मी घडी घालून घरी आणला. वाटेत वाटाडीसाठी रडलेही, कबूल करते. वर्षभर सांभाळलेली बाई होती. त्या दिवसापासून आमच्याकडं फासा उघड्या परातीत पडतो.

घरी आले तर ओट्यावर शेजारीण. "काय गं, जावई कधी येनार न्यायला?"

आई तोंड उघडणार, तेवढ्यात मी म्हणलं, "कोणी येणार नाही, काकू. मी त्याला सोडून आले. दोन वर्षं झाली."

शेजारीण उठून गेली ती थेट गल्लीत. आई घरात गेली. पंधरा दिवस तिनं मला ताट वाढलं, पण शब्द बोलली नाही. एकदाच फुटली: "लोक माज्या तोंडावर थुकायलेत, कळतंय का तुला?" मी म्हणलं, "कळतंय. पण दया नको मला, कुणाचीच." आणि खरं सांगू? गल्लीतून जाताना बाया बोलायच्या थांबायच्या, ते लागायचं. लय लागायचं. पण ते माझं होतं. मी केलेल्याचं होतं.

मग पोखर्णीच्या देवळात भेटलेली ती लांबची मावशी आली. आई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती, मी आत चुलीपाशी. गल्लीत सगळं ऐकूनच आली असणार, तरी मावशीनं गोड आवाजात विचारलं, "लेक अजून सुट्टीवरच हाय का गं?"

शेंगांचा आवाज थांबला.

"सुट्टी न्हाई," आई म्हणाली. "सोडून आली ती. कुणी हाकलली न्हाई, स्वतःच्या पायानं आली. आता हितंच हाय. तुला चहा टाकू का, का जायचंय तुला?"

शेंगा पुन्हा सोलल्या जाऊ लागल्या. मी चहाचं भांडं चढवलं, आणि मावशीच्या उत्तराची वाट न बघता तीन कप पाणी ओतलं.