ज्याचा दरवाजा, त्यानंच बोलायचं

प्रा. विमल काळेमॅडम यांची माझी पहिली भेट महाविद्यालयाच्या इतिहास विभागात झाली. मी पाचोडहून नुकताच औरंगाबाद शहरात आलो होतो. घरी काय करतात, असं त्यांनी विचारलं. "मेंढरं," हे सांगताना माझा आवाज खाली गेला. त्या म्हणाल्या, "मग पैठण दरवाजा तुझा."

मला वाटलं, राहायची सोय लागली. "मॅडम, खोली केवढी हाय?" मी विचारलं. वर्ग हसला, मॅडमही हसल्या.

दर हिवाळ्यात त्या विद्यार्थ्यांना हे शहर पायी दाखवत. एकेक दरवाजा एकेका विद्यार्थ्याला दिलेला असे. तिथं मॅडम गप्प राहणार. ज्याचा दरवाजा, त्यानंच बोलायचं. सनावळ्या म्हणून सुटका नव्हती. "राजा आला आणि गेला, हे पुस्तकात आहे. इथून तुझं कोण गेलं?" असं त्या विचारत. शेवटचा दिल्ली दरवाजा त्यांनी स्वतःकडे ठेवला होता. गेल्या वर्षी आपण विद्यार्थ्यांना काय चुकीचं सांगितलं, ते त्या तिथं सांगत. इतका निर्भय कबुलीजबाब मी दुसऱ्या कुठल्या प्राध्यापकांकडून ऐकलेला नाही.

आमच्या वर्षी विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय तोंडावर आला होता. वाळूजला नव्या कंपन्यांचे भोंगे वाजत होते आणि खेड्यांतून घरं जाळल्याच्या बातम्या येत होत्या. पैठणकडचा आमचा वर्गमित्र गौतम साळवे याच्या वस्तीतही जाळपोळ झाली. तो कॉलेज सोडून वाळूजच्या एका कंपनीत लागला. भडकल दरवाजा त्याचा होता.

"गौतम आल्याशिवाय सहल निघणार नाही," मॅडम म्हणाल्या.

आठवडे गेले. वातावरण ठीक नाही, निदान भडकल तरी वगळा, असा वरून निरोप आला. आमच्यातला हुशार दत्ता म्हणाला, "मॅडम, भडकल मी बोलतो ना. सगळं पाठ आहे मला."

"पाठ आहे म्हणूनच नको."

एकदा त्यांचे दीर विभागात आले आणि आमच्यासमोरच म्हणाले, "वहिनी, तुम्ही आपल्या माणसांच्या का त्यांच्या?"

"माझ्या वर्गात बसतात ते सगळे आपलेच, भाऊजी. बसा, चहा घ्या." भाऊजी चहा न घेताच गेले.

शेवटी मॅडम स्वतः वाळूजला गेल्या. सोबत मी होतो. पाळी सुटली, गौतम बाहेर आला. "शिकून काय करू, मॅडम? घरच राह्यलं नाय."

मी हा प्रसंग अनेकदा सांगितला आहे आणि दर खेपेला माझ्या सांगण्यात मॅडमचा आवाज मोठा होत गेला आहे. प्रत्यक्षात त्या इतक्या हळू बोलल्या, की भोंग्याच्या आवाजात गौतमला पुन्हा विचारावं लागलं. त्यांनी समजूत घातली नाही. "दरवाजा तुझा आहे, तो मी कोणाला देणार नाही. सहल थांबली आहे," एवढंच त्या म्हणाल्या.

"माझ्यापायी?"

"तुझ्यापायी."

सुट्टीच्या दिवशी गौतम आला. अंगावर कंपनीचाच गणवेश होता. दुसरे कपडे उरले नव्हते, हे आमच्या उशिरा ध्यानात आलं. पैठण दरवाजापाशी मी याच वाटेनं शहरात येणारी आजोबांची मेंढरं आणि निजामाच्या नाक्यावर त्यांना करावे लागणारे सलाम सांगितले. मग भडकल आला. गौतमनं दगडावर हात ठेवला.

"हा दरवाजा बांधणारा हबशी वजीर लहानपणी बाजारात विकला गेला होता. त्यानं खडकीचं शहर केलं. मग फत्तेनगर झालं, मग औरंगाबाद. दर खेपेला नाव वरून आलं, गादीवर असल त्याच्या हुकमानं. आता पहिल्यांदा खालच्यांनी विद्यापीठाला एक नाव मागितलं, तर घरं जाळायलेत."

दत्ता म्हणाला, "हे मला पाठ नव्हतं."

मॅडमकडे पाहायचं धाडस मला झालं नाही. गौतमनंच विचारलं, "पुढचा दरवाजा कोणाचाय?" आणि तो आमच्याबरोबर चालू लागला. पाळ्या करत त्यानं पदवी घेतली. आज तो फर्दापूरला इतिहास शिकवतो. त्याच्या विद्यार्थ्यांनाही लेणी वाटून दिलेली आहेत, असं ऐकतो.

एका बाईंनी एका मुलासाठी अख्खी सहल थांबवावी, यात एवढं थक्क होण्यासारखं काय, असं मी स्वतःला विचारून पाहिलं आहे. पण या शहरात सुभेदार आले, बादशहा आले, निजाम आले; कोणी कोणासाठी थांबल्याचं मी वाचलेलं नाही.

आता शहराचं नाव पुन्हा बदललं आहे आणि मॅडम पंच्याहत्तर वर्षांच्या झाल्या आहेत. हिवाळ्यात आम्ही जुने विद्यार्थी अजूनही निघतो. मॅडम, गुडघ्यांची काळजी घ्या, औषधं वेळेवर घ्या, शंभरी गाठा. वाटेत बसावंसं वाटलं तर खुशाल बसा. दिल्ली दरवाजा तुमचा आहे, तो आम्ही कोणाला देणार नाही. तुम्ही आल्याशिवाय सहल निघणार नाही.