ताटात उरलेलं

वजन उतरवायला चालणं मोठं की तोंड आवरणं मोठं, यावरून आमच्या अहमदपूरच्या गल्लीत सरळ दोन पक्ष पडले होते. चालण्याचा पक्ष माझा. उभी हयात शाळेत उभ्यानेच शिकवण्यात गेली, निवृत्तीनंतरही माझे पाय स्वस्थ बसत नाहीत. माणसाने चालावं आणि तोंड मिटून चालावं, एवढंच माझं म्हणणं. दुसरा पक्ष समोरच्या सिंधूचा. ती मोबाइलवर बघून रोज काहीतरी नवं पिते. कधी दुधीचा रस, कधी जिऱ्याचं पाणी. पिऊन झालं की गल्लीभर सांगत फिरते, तेवढंच तिचं चालणं.

आम्हा दोघींच्या मध्ये सापडली होती शिवकांता.

शिवकांता म्हणजे भांड्यांच्या दुकानाच्या संगमेश्वरअप्पांची बायको. शिरूर अनंतपाळची मुलगी, लग्न होऊन आली तेव्हा काडीसारखी होती, हे मी स्वतः पाहिलंय. आता पन्नाशी ओलांडलेली, अंगाने भरलेली, हसली की गालात डोळे बुडतात अशी. तिला कुणी जाड म्हणून हिणवलं नाही. खात्यापित्या घरची बाई, एवढंच लोक म्हणायचे. पण दोन वर्षांपूर्वी अप्पांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा एसटीने लातूरला जाऊन डायलिसिस सुरू झालं. एकुलती मुलगी समीक्षा नांदेडला दिलेली, तिचं बाळ अजून अंगावर पीत होतं. शिवकांताने कुणाला विचारलंही नाही, माझी घ्या म्हणाली. रक्तगट जुळला, साखर नाही, बीपी नाही. आणि डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवून सांगितलं, "किडनी चालेल, पण या वजनावर मी तुम्हाला ऑपरेशनला घेणार नाही. बारा किलो उतरवा, मग पुढचं बघू."

लोक साडी नीट बसावी म्हणून वजन उतरवतात. या बाईला नवरा जगवायला उतरवायचं होतं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी ती माझ्या दारात. पायात समीक्षाने पाठवलेले बूट, वर नेसलेली साडी, कपाळाला विभूती. आम्ही कॉलेजच्या मैदानावर जाऊ लागलो. मी पुढे, ती मागे धापा टाकत. दम लागला तरी थांबायची नाही. मी थांब म्हटलं तर म्हणायची, "थांबून कसं जमंल बाई, ह्या माझ्या अंगात त्यांचा जीव अडकून पडलाय."

तिने साखर सोडली. भात सोडला. शेंगदाण्याची चटणी सोडली, आणि आमच्या भागात ती सोडणं म्हणजे काय ते बाहेरच्याला कळायचं नाही. कुणाकडे हळदीकुंकवाला गेली तरी हातातला लाडू ओच्यात बांधून परत आणायची. मेडिकलच्या दुकानापुढे वजनाचा काटा आहे, त्यावर चढताना देवळात शिरावं तसे बूट काढून ठेवायची. काटा मात्र जागचा हलत नव्हता. महिन्यामागून महिना गेला. खाली उतरली की ती अप्पांच्या दुकानाकडे बघायचीसुद्धा नाही, पलीकडच्या बोळातून घरी जायची. चोरी करून आल्यासारखी. मला तिची दया यायची आणि रागही यायचा. मी आणखी भरभर चालवायला लागले. सिंधूला आयतंच सापडलं. "बाई, तुमच्या चालण्यानं काही होत न्हाई बगा," ती म्हणायची. मी तिच्याशी चार दिवस बोलले नाही.

आता या घरातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. ते लिंगायत. त्यांच्यात ताटातलं अन्न म्हणजे प्रसाद. तो टाकायचा नाही. जुनी माणसं ताट बोटाने निपटून, त्यात पाणी घालून तेही पिऊन टाकतात. अप्पांची आई पार्वतम्मा या बाबतीत फार कडक होती. घरात खाणारी तोंडं पुष्कळ, सुना सगळ्यात शेवटी जेवायच्या, आणि तोवर पातेल्यात खरवड राहिलेली असायची. अशा घरात अप्पा एकटेच ताटात उरवायचे. रोज. पाव भाकरी, भाजीचा मोठा घास, सणाला पोळीचा मऊ मधला भाग. पार्वतम्माचा आवाज माझ्या घरापर्यंत यायचा. "घास बघून घेता येत न्हाई का रे तुला? परसाद हाय त्यो." प्रसाद टाकता येत नाही, म्हणून मग शिवकांताला नवऱ्याच्या ताटावर बसवायचे. पुढे म्हातारी गेली, दीर वेगळे झाले, घरात दोघंच राहिली. अप्पांची खोड गेली नाही. शिवकांता स्वतःची भाकरी खायची आणि मग त्यांचं ताट ओढून घ्यायची. इतक्या वर्षांचं ते. त्याला कुणी जेवण म्हणत नव्हतं.

लातूरच्या दवाखान्यात आहाराचं सांगणारी एक मुलगी आहे. डॉक्टरांनी शिवकांताला तिच्याकडे पाठवलं. मीही सोबत गेले, कारण चालण्याची बाजू मांडायला कुणीतरी हवं होतं. मुलीने विचारलं, "मावशी, सकाळपासून काय काय खाता? लपवायचं नाही हं." शिवकांताने सांगितलं. बिनसाखरेचा चहा, एक भाकरी, वाटीभर वरण, पालेभाजी. रात्री तेच. मुलीने पेन खाली ठेवलं. "एवढ्यावर वजन उतरायला पाहिजे होतं. मधे काही? घरातलं उरलंसुरलं?"

शिवकांताने पदर नीट केला आणि फरशीकडे बघत म्हणाली, "न्हाई. आमच्यात उरत न्हाई."

मुलगी म्हणाली, चालणं चांगलंच आहे, ते सोडू नका, पण तासभर चालून जेवढं जळतं तेवढं एका भाकरीने परत येतं. मी काही बोलणार, तेवढ्यात दाराकडे लक्ष गेलं. अप्पा डायलिसिस आटोपून, हाताला पट्टी बांधलेले, चौकटीला टेकून उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. बायकोकडे त्यांनी असं बघितलं की मला वाटलं, चक्कर आली की काय. परतीच्या एसटीत ते खिडकीबाहेर बघत बसले. शिवकांताने दोनदा तब्येत विचारली, दोन्ही वेळा त्यांनी नुसती मान हलवली.

त्या दिवसापासून अप्पा ताट निपटून खाऊ लागले.

ही खबर मला शिवकांतानेच दिली, मैदानावर. "आजकाल काहीच उरवत न्हाईत." मी म्हटलं, बरं झालं, भूक लागते आहे म्हणजे तब्येत सुधारतेय. ती हो म्हणाली, पण चेहरा असा की जणू घरात कुणी तिच्याशी अबोला धरलाय. त्या आठवड्यात पहिल्यांदाच काटा किलोभर खाली आला. मी ते श्रेय चालण्याला दिलं आणि सिंधूला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. शिवकांताच्या तोंडावर हसू काही आलं नाही.

मग आली येळवस. आमच्या लातूर जिल्ह्यात त्या अमावस्येला गावं ओस पडतात, सगळे शेतात जेवायला. अप्पांची थोडी जमीन आहे, तिथे मलाही बोलावलं होतं. भज्जी केली होती, म्हणजे हरभरा, शेंगा, पालेभाज्या, चिंच असं सगळं एकत्र शिजवलेलं. आंबील होतं, बाजरीचे वाफवलेले उंडे होते. यातलं जवळजवळ काहीच अप्पांना चालत नाही. अंगात क्षार साठतात, पाणी साठतं, हे शिवकांताला तोंडपाठ. तरी ती म्हणाली, "सणाचं आहे, नुसतं जिभंला लावा," आणि ताट मात्र भरून वाढलं. मला खटकलं. मग वाटलं, अप्पा दोन घास घेऊन उरवतील, नेहमीसारखं.

अप्पांनी ताटाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि जेवायला लागले. भज्जी संपली. उंडा संपला. आंबिलाचा लोटा रिकामा झाला. शिवकांता म्हणाली, "आवो, पुरं करा की. ऱ्हाऊ द्या त्ये." अप्पांनी ऐकलं नाही. शेवटी बोटाने ताट निपटलं आणि पाणी घालून तेही प्याले. शिवकांता हातात पळी धरून तशीच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना श्वास घेता येईना. गाडी करून लातूरला नेलं, तातडीने डायलिसिस केलं. डॉक्टर फार रागावले. म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर हृदय थांबलं असतं. असलं जेवण कुणी दिलं?

"म्या वाढलं," शिवकांता म्हणाली.

"म्या खाल्लं," अप्पा पलंगावरून म्हणाले. तोंडावर लावलेल्या ऑक्सिजनच्या मास्कमुळे आवाज नीट येत नव्हता.

डॉक्टर गेले. मी स्टुलावर बसले होते. उठून बाहेर जावं असं मनात आलं, पण शिवकांताने माझा हात धरून ठेवला होता. तिने नवऱ्याला विचारलं, "एवढं कामून खाल्लं? कळत न्हाई का तुमाला?"

अप्पांनी तोंडावरचा मास्क जरा बाजूला सारला. मग बोलले. आई सुनांना पोटभर वाढत नव्हती. तिला बोलायची माझी छाती नव्हती. प्रसाद टाकता येत नाही हे माहीत होतं, म्हणून मुद्दाम उरवायचो. तुझ्या पोटात जावं म्हणून. पुढं हाताला तसंच वळण पडून गेलं. "त्या दिशी त्या पोरीनं विचारलं तवा डोक्यात उजेड पडला. तुला म्याच फुगवून ठिवलं. आता तू मला वाचवायला निघालीस, अन् माझंच ताट आडवं आलं. उरवलं की तू खाणार. म्हणून सगळं खाल्लं."

मला वाटलं आता ही रडेल, नाहीतर नवऱ्याच्या पायावर डोकं ठेवेल. शिवकांताने त्यातलं काही केलं नाही. तिने माझा हात सोडला आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"मला माहीत हाय," ती म्हणाली. "लग्नाच्या सालापासून माहीत हाय. पोळीचा मऊ भाग कुणी चुकून उरवतं व्हय."

अप्पांनी मान वळवली.

"त्या पोरीनं विचारलं तवा म्या खोटं बोलले. सांगितलं असतं तर तुमी उरवायचं सोडलं असतं." तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "अन् तुमी तसंच सोडलंत. रोज ताट बगायचे, कोरं. मला वाटायचं, आता माझं काई ऱ्हायलंच न्हाई. येळवशीला ताट भरून वाढलं त्ये तुमच्यासाठी न्हवतं वो. मागं काईतरी उरावं म्हणून वाढलं. तुमचा जीव घेत होते मी, दोन घासांसाठी."

शेजारच्या पलंगावरची म्हातारी कूस बदलून आमच्याकडे बघत होती. मी तिला मुद्दाम विचारलं, कुठलं गाव तुमचं? ती म्हणाली, औसा. मग तेवढंच.

दुपारी दवाखान्याचं जेवण आलं. पथ्याचं, मोजून दिलेलं. अळणी खिचडी आणि उकडलेली दुधीची भाजी. शिवकांताने अप्पांना उशीला टेकवून बसवलं. ते हळूहळू जेवले. अर्ध्यावर थकले. तरी रेटून खात राहिले आणि शेवटचे दोन घास राहिले तेव्हा त्यांचा हातच उचलेना. त्यांनी ताटाकडे बघितलं, मग तिच्याकडे. माणूस इतका ओशाळा झालेला मी कधी पाहिला नाही.

शिवकांताने ताट हातात घेतलं. ती खाणार, असंच मला वाटलं. तिलाही क्षणभर वाटलं असावं, कारण तिचा उजवा हात ताटात गेला होता. मग तिने तो मागे घेतला, ताट कपाळाला लावलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली आणि पलंगाखालच्या कचऱ्याच्या बादलीत ते दोन घास टाकले. आयुष्यात पहिल्यांदा. अप्पांनी तोंड भिंतीकडे केलं.

ती नळावर जाऊन ताट घासून आली, हात पुसले आणि माझ्यासमोर खाली फरशीवर बसली. मी घरून आणलेला डबा पिशवीतच होता.

"बाई," ती म्हणाली, "मला एक भाकरी द्या. माझी मला."