धुयाले घर शे का?

आमच्या कॉलनीत राहायला येणारं प्रत्येक कुटुंब दोन उत्तरं घेऊन येतं. "इकडे कसे काय आलात?" असं विचारलं की पहिल्या दिवशीचं उत्तर ठरलेलं, "मुलांच्या शिक्षणासाठी!" खरं उत्तर चार-पाच वेळा चहा झाल्यावर बाहेर पडतं. मी सगळ्यांना चहा पाजते, त्यामुळे माझ्याकडे खऱ्या उत्तरांचा ढीग झालाय. पोटात किती ठेवणार? म्हणून सांगून टाकते.

कॉलनी धुळ्याच्या टोकाला, देवपूरच्याही पुढे. नाव 'ग्रीन लेक सिटी'. ग्रीन म्हणजे बिल्डरने गेटला दिलेला रंग. लेक कुठे आहे ते बिल्डरला विचारा, आणि बिल्डर कुठे आहे ते मला विचारू नका! नळाला पाणी येतं, पण ज्या दिवशी येतं त्या दिवशी बायका एकमेकींना फोन करून सांगतात.

आधी आमचंच सांगते, नाहीतर म्हणाल हिला दुसऱ्यांचंच दिसतं. आमच्या ह्यांच्या मित्राने इथे प्लॉट घेतला आणि ह्यांची झोप उडाली. "तो काय माझ्यापेक्षा शहाणा लागून गेला?" म्हणत ह्यांनी शेजारचा प्लॉट घेतला. वर्षभरात मित्र प्लॉट विकून नाशिकला गेला. शहाणा कोण, हे मी ह्यांना भांडण झालं की आठवणीने विचारते.

* * *

समोरचे प्राध्यापक शांततेसाठी आले. जुन्या धुळ्यात, गल्लीत फार कलकल, लिहिणं-वाचणं होत नाही म्हणे. (इथे येऊन त्यांनी काय लिहिलं? सोसायटीला तक्रारअर्ज!) महिन्याभराने त्यांच्या आई, अक्का, माझ्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. चेहरा एवढासा.

"काय झालं अक्का?"

"करमत नही व माय. आठे कोनी भांडत बी नही!"

पुढच्याच आठवड्यात त्यांनी शेजारच्या कडुनिंबाच्या पाल्यावरून असा काही दंगा केला की अर्धी कॉलनी गोळा झाली. संध्याकाळी अक्का ओट्यावर पाय पसरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "आते कसं घर वाटस!"

* * *

दोन भावांचं तर विचारूच नका. शिंदखेड्याकडचे. गावात सामाईक भिंतीवरून दोघांचं फाटलं. थोरल्याने इथे रो-हाउस घेतलं. "त्याचं तोंड पाहायला नको," म्हणाला. सहा महिन्यांनी धाकट्याने त्याच्या शेजारचंच घेतलं. मधली भिंत? सामाईक!

मी धाकट्याला म्हटलं, "अहो, दुसरीकडे जागा नव्हती का?"

"वहिनी, तो बंगलामा ऱ्हाई, आनि मी काय कमी शे का?"

आता एकाने खिळा ठोकला की दुसऱ्याच्या घरातला वडिलांचा फोटो पडतो. दोघं बोलतात ते तेवढ्यापुरतं.

* * *

आणि ह्या सगळ्यांवर कडी म्हणजे नाना पाटील.

नाना नरडाण्याकडचे. विहिरीला पाणी, काळी जमीन, गोठ्यात गाई. मुलगा भूषण दिवसभर रानात राबणारा, निर्व्यसनी, तोंडात उलटा शब्द नाही. पण तिशी उलटली तरी लग्न जमेना. माझ्याकडे चहा पिताना नाना एकदा कळवळून म्हणाले, "वहिनी, शेत कोनी इचारत नही, पोऱ्या कसा शे ते बी इचारत नही. बठ्ठा एकच इचारतस, धुयाले घर शे का?"

म्हणून नानांनी इथे, धुळ्यात बंगला घेतला. राहायला नाही, दाखवायला! घरचे सगळे गावातच. बंगल्याला कुलूप, आणि चावी माझ्या घरातल्या खिळ्याला.

मुलीकडचे पाहुणे येणार असले की पहाटेच पिकअप यायची. नानी झाडू घेऊन उतरायच्या. घर राहतं वाटावं म्हणून गावाहून बादलीत ओले कपडे आणायच्या आणि गच्चीवर वाळत घालायच्या. टॉवेल, साड्या, नानांचा सदरा. मला हसूही यायचं आणि रागही. पिकवणारा पोरगा नको, कुलपातला बंगला हवा! अशा बापांना मुली देऊन देवानेच चूक केली, असं मी ह्यांना म्हणायची.

* * *

पहिल्या पाहुण्यांच्या वेळची गोष्ट. सगळं झकास चाललं होतं. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "बाथरूम कुठे आहे?" नाना रुबाबात उठले आणि एक दार उघडलं. आत केरसुण्या. दुसरं उघडलं. आत जिना. तिसऱ्या दाराला हात घातला तेव्हा पाहुणे हळूच म्हणाले, "घर तुमचंच आहे ना?"

मोडलं. भूषण गच्चीवरून ओले कपडे काढून बादलीत भरत होता. मला त्या पोराची फार कीव आली.

* * *

यंदा पुन्हा एक स्थळ आलं. जळगावचं. मध्यस्थ आबांनी नानांना आधीच बजावलं, "हे शेवटचं हं! पुढच्या वर्षी वय सांगायची लाज वाटेल." म्हणून नानांनी मलाच बोलावून बसवलं, बाथरूम दाखवायला.

पाहुणे आले, वरच्या हॉलमध्ये बसले. मुलगी खाली मान घालून बसली. तिचे वडील पहिल्याच घोटाला म्हणाले, "एक स्पष्ट सांगतो, आमची मुलगी जळगावात कॉलनीत वाढलीय. तिला शेणाचा वासही माहीत नाही."

"छे छे!" नाना म्हणाले. "आम्ही इथंच असतो. गावाकडे वर्षातून एकदा, जत्रेपुरते!"

भूषण खिडकीबाहेर बघत राहिला. आबा खुशीत शिरा खात होते. आता जमतंय असं वाटलं आणि तेवढ्यात नानांचा फोन वाजला.

नानांना कमी ऐकू येतं, त्यामुळे फोन कायम स्पीकरवर. गावाहून शेतावरचा सालदार गडी ओरडत होता, "नाना, गाय अडी गयी! वासरूना पाय दिसी ऱ्हायनात! खेचू का?"

नाना पांढरेफटक पडले. "ऑफिसचा फोन," म्हणाले. भूषण उठून उभा राहिला होता, पण बापाकडे पाहून तसाच थांबला. सालदार ओरडतोय, "खेचू का, नाना? खेचू का?"

तेवढ्यात मुलीने मान वर केली आणि नानांच्या हातातून फोनच घेतला.

"म्होरला पाय शेतस का मांगला?"

तिच्या वडिलांनी डोळे मिटून घेतले.

"मांगला!" सालदार ओरडला.

"मंग हात लावू नका! डाक्टरले बलावा. आमी ई ऱ्हायनूत!"

'आमी' म्हणजे कोण, हे कोणीच विचारलं नाही. भूषण गाडीची किल्ली घेऊन जिना उतरलासुद्धा. त्याच्यामागे ती, तिच्यामागे तिचे वडील चपला हातात घेऊन. खाली नानींनी पिकअपचं पुढचं दार उघडलं, "बस व माय, म्होरे बस," आणि बाकी सगळे मागे चढले, ओल्या कपड्यांच्या रिकाम्या बादलीशेजारी. नाना फाटकाला कुलूप लावायचंही विसरले.

वर गच्चीत आबा एकटेच उभे, हातात शिऱ्याची बशी, आणि गाडीमागे जीव तोडून ओरडतायत,

"अहो, पण मॉड्युलर किचन बघायचं राहिलं ना!"