ज्या गाण्यावर दिगूभाऊंचं नाव आलं

दिगूभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमळनेरला भाच्याच्या हळदीत होते. मांडवात डीजेवर अहिराणी गाणं लागलं होतं, बाया नाचत होत्या, आणि फोनवर त्यांच्या पत्नी शकुंतलावहिनी काय सांगताहेत ते नीट ऐकू येईना. मी एक कान झाकून मांडवाच्या कडेला गेले. "सुनंदाताई, त्या गयात," ते गेले, एवढंच वहिनी म्हणाल्या. फोन बंद झाला तरी मी तो हातात धरून उभी होते... आणि तेव्हा लक्षात आलं की गाण्यातलं कडवं संपलंय आणि आता दोन कडव्यांमधली गिटार चालू आहे. ती दिगूभाऊंची होती. मी ती झोपेतही ओळखली असती. हात वर करून नाचणाऱ्या त्या बायांपैकी कुणालाही माहीत नव्हतं की हे वाजवणारा माणूस आज सकाळी सोनगीरला वारला.

सोनगीरला हायवेलगत त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी यायच्या, आणि दिगूभाऊ त्यांच्यातली जुनी तांब्याची तार काढून नवी भरायचे. दुकानाच्या मागे दोन खोल्यांचं घर. धुळ्याच्या एका बँडवाल्याने विकायला काढलेली गिटार त्यांनी तरुणपणी घेतली आणि आपली आपण शिकले. आमची ओळख जळगावची. मी कॉलेजात होते आणि लग्नांत, गणपतीत कार्यक्रम करणाऱ्या एका ऑर्केस्ट्रात गायचे. एका डाळमिलच्या रिकाम्या गोदामात आमची तालीम चालायची. दिगूभाऊ पहिल्यांदा आले ते धुळ्याच्या एसटीने, गिटार जुन्या सतरंजीत गुंडाळून. बाकीचे सगळे वाद्यं लावत होते आणि हे मात्र गोदामाच्या भिंतींपाशी थांबून टिचक्या वाजवत फिरत होते. मी विचारलं, "काय बघताय भाऊ?" तर म्हणाले, "ही जागा किती बोलते ते बघतोय." मला हसू आलं होतं. मग ते बसले, वाजवलं, आणि हसू तिथेच राहिलं.

त्यांचं वाजवणं कसं होतं ते सांगणं कठीण आहे. बहुतेक गिटारवाले गाणाऱ्याच्या अंगावर येतात, आपली बोटं किती पळतात ते दाखवायला. दिगूभाऊ वाट बघायचे. माझी ओळ संपली की क्षणभर काहीच नाही... सुरुवातीला मी घाबरायचे, विसरले की काय हे? आणि मग ती तार यायची, अगदी थोडी, दोन-तीन सुरांची, मला जे म्हणायचं होतं आणि गाण्यात आलं नव्हतं ते सांगणारी. पुढे मी मोठ्या शहरांत मोठ्या नावांचे गिटारवाले समोर बसून ऐकले. दिगूभाऊ त्यांच्यापेक्षा कमी नव्हते, आणि हे मी गेलेल्या माणसाबद्दल म्हणायची रीत म्हणून म्हणत नाही.

शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात आमचा कार्यक्रम होता. दिवस मावळायला आला होता, आवाज तपासणं चाललं होतं, माणसं अजून जमत होती. दिगूभाऊंनी सहज एक धून वाजवली आणि समोरच्या डोंगराने ती परत दिली. त्यांना गंमत वाटली. ते वाजवायचे, थांबायचे, डोंगर वाजवायचा. पोरंटोरंही गप्प होऊन ऐकायला लागली. एकदा ते थांबले, डोंगराचंही वाजवून झालं, आणि आम्ही पुढच्याची वाट बघत असताना तिकडून आणखी दोन सूर आले. दिगूभाऊंचा हात तेव्हा तारांवर नव्हता. मी त्यांच्या शेजारीच उभी होते. त्यांनी गिटार हळूच खाली ठेवली. "हे मी वाजवणार होतो," ते म्हणाले, "पण अजून वाजवलं नव्हतं." डोंगर आडवातिडवा असला की आवाज कसाही फिरून येतो, असं मला पुढे अनेकांनी समजावलं. असेलही. पण त्या संध्याकाळी दिगूभाऊ कार्यक्रमभर डोंगराकडे पाठ करून बसले होते हे मला आठवतं.

मुंबईच्या एका मोठ्या रेकॉर्डिंगला त्यांना एकदा बोलावणं आलं होतं. ते गेले, आणि दुसऱ्याच दिवशी परत आले. ऑर्केस्ट्रातली माणसं त्यांच्यावर फार चिडली, एवढी संधी घालवली म्हणून. मला त्यांनी कारण सांगितलं. तिथे त्यांना काचेच्या खोलीत बसवलं होतं, भिंतींना सगळीकडून गाद्यांसारखं काही लावलेलं, कानावर हेडफोन. "सुनंदा, त्या खोलीत वाजवलेलं जातं कुठे ते कळतच नाही. काहीच परत येत नाही. हात उचलेना माझा." मी म्हणाले, सवय झाली असती. 

मग जळगावच्या संजयने त्यांना आपल्या स्टुडिओत बोलावलं. संजय अहिराणी गाण्यांच्या कॅसेट काढायचा, पुढे सीडी, आता मोबाइलवर. त्याने दिगूभाऊंसाठी एक सोय केली. ते आतल्या खोलीत बसायचेच नाहीत. बाहेर जिन्यात पायरीवर बसून वाजवायचे आणि संजय माइकची वायर दारातून बाहेर काढायचा. खानदेशात गेली कित्येक वर्षं लग्नांत, रिक्षांत, ट्रॅक्टरवर जी गाणी वाजतात त्यांतली निम्मी गिटार त्या जिन्यातली आहे. गाण्यावर नाव असायचं गायकाचं, नाचणाऱ्या मुलीचं, कंपनीचं. दिगूभाऊंचं नाव कशावरच नसायचं. मी एकदा संजयला तसं म्हणाले, तर तो म्हणाला, "ताई, लोक गिटारवाल्याचं नाव कुठे वाचतात?" दिगूभाऊ तेव्हा शेजारीच होते. ते घरी जायला उठले.

पुढे त्यांना पक्षाघात झाला. डावा हात गेला. गिटार भिंतीवर टांगली गेली आणि दुकान पुतण्याने चालवायला घेतलं. आमची शेवटची भेट त्यांच्या घरी झाली, लग्नसराईत. आम्ही चहा घेत बसलो होतो आणि हायवेवरून वरात चालली होती. नवीन गाणं होतं, त्याच महिन्यात आलेलं. दिगूभाऊंनी कप खाली ठेवला.

"ऐक," ते म्हणाले. "हे मी कधी वाजवलं?"

मी ऐकलं. गिटार त्यांचीच होती. तीच वाट बघणं, तीच तार. पण गाणं नवीन होतं, आणि त्यांच्या डाव्या हातात कप धरायचीही ताकद नव्हती.

"मी आजारी पडल्यापासून हा बरंच वाजवतोय," ते म्हणाले. "वरातींतून येतो, ट्रकमधून येतो. मी इथे पडलेला असतो आणि तो रस्त्याने जातो." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. वरात लांब जाईपर्यंत ते ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "चांगला वाजवतो. माझ्याहून थोडा घाईत असतो, एवढंच."

मी तिथूनच संजयला फोन केला. त्याने आढेवेढे घेतले नाहीत. "भाऊंचेच तुकडे शेत, ताई," तो म्हणाला, भाऊंचेच आहेत. जुन्या रेकॉर्डिंगमधलं सगळं त्याने जपून ठेवलं होतं, आणि नव्या गाण्यांत ते कापून, ओढून, सुरात बसवून लावत होता. दुसरा गिटारवाला आणून बघितला, म्हणाला, पण गाणं उभं राहीना. मी त्याला म्हणाले, मग निदान नाव तरी घाल. तो बरं म्हणाला. मी हे दिगूभाऊंना सांगितलं तेव्हा ते खिडकीकडे बघत होते. "कोणाचं नाव घालेल?" त्यांनी विचारलं. मला वाटलं ते थट्टा करताहेत. आता तसं वाटत नाही.

तेराव्यानंतर थोड्याच दिवसांत संजयचं नवीन गाणं आलं. मी मोबाइलवर उघडलं. गायकाचं नाव, गायिकेचं नाव, आणि खाली, पहिल्यांदाच, गिटार : दिगंबर सोनगीरकर. मी गाणं पूर्ण ऐकलं. मधली गिटार इतकी सुंदर होती की मला रडू आलं, आणि रडता रडता अंगावर काटाही आला. कारण आयुष्यभर त्यांनी जी गाणी वाजवली त्यांच्यावर त्यांचं नाव नाही, आणि ज्याच्यावर नाव आलं ते गाणं त्यांनी ऐकलंसुद्धा नव्हतं. खाली लोकांनी लिहिलंय, गिटारवाले भाऊ, पुढचं गाणं लवकर येऊ द्या. ते येईलही. संजयकडे तुकडे पुष्कळ आहेत.

गेल्या आठवड्यात मी सोनगीरला जाऊन आले. वहिनी मागच्या खोलीत शेंगा फोडत बसल्या होत्या. इकडचं तिकडचं बोलत होतो, आणि मध्येच मला वाटलं की बाहेर मोठा ट्रक थांबलाय, त्याची घरघर खोलीत येतेय. खिडकीतून पाहिलं तर रस्ता मोकळा होता. वहिनींनी माझ्याकडे बघितलं आणि भिंतीकडे बोट केलं. गिटारची जाड तार बारीक थरथरत होती. बोलण्याचा आवाज तिच्या सुराला लागला की पोकळ लाकूड गुणगुणतं, तार आपोआप बोलते, हे मला माहीत आहे. पण एवढे महिने हात न लागलेल्या तारा उतरतात, सैल पडतात. वहिनींना तर गिटार लावताही येत नाही.

वहिनी रोज तिन्हीसांजेला तिथे बसतात. दिवसभराचं सांगतात, भाजी काय केली, दुकानात कोण आलं, गाय व्याली. एक वाक्य बोलतात आणि थांबतात. गुणगुणणं विरलं की पुढचं बोलतात. त्यांच्या लक्षातही येत नसेल, पण तेवढंच थांबतात, जेवढं दिगूभाऊ माझ्या ओळीनंतर थांबायचे.

त्या दिवशी त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि भिंतीकडे तोंड करून मी आल्याचं सांगितलं, "आज सुनंदाताई येल शे."

मी श्वास धरून बसले. या वेळी तार लगेच बोलली नाही. वहिनींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "थांब जराशी. त्या ऐकी राहिनात." ऐकताहेत ते.