धवल्याला लावलेलं कुलूप

माझ्या सासूबाईंचं रील्सचं खातं माझ्या नवऱ्याने उघडलं आणि त्याच बैठकीत त्याला कुलूपही लावून टाकलं. आईचा चेहरा जगाला कशाला दाखवायचा, ही त्याची काळजी. हाच माणूस दर वाढदिवसाला रोडपालीच्या नाक्यावर स्वतःचा दोन माणसांच्या उंचीचा बॅनर लावतो, गॉगलसकट, आणि खाली शुभेच्छुकांच्या नावाने जो मजकूर छापतो तोही स्वतःच लिहितो. त्याच्या चेहऱ्याला जगापासून काही धोका नाही. जगाला त्याच्यापासून असेल, पण ते कोणी विचारत नाही.

सासूबाई धवलारीण आहेत. आगरी लग्नात हळदीला, मांडवात धवले म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. आता बाहेर डीजे इतका मोठा असतो की खिडक्यांची तावदानं थरथरतात, पण धवलारीण आल्याशिवाय आमच्याकडे नवरीला हळद लागत नाही. एकेका देवाला हाक मारून मांडवात आणून बसवायचं काम तिचं. हे गाणं एकटीचं नसतं. एकीने ओळ टाकायची, शेजारी बसलेल्या दुसरीने ती झेलायची, आणि तिचं म्हणून होईपर्यंत पहिलीने तोंड मिटून राहायचं. चिरनेरच्या आसपासच्या गावांतल्या मांडवांत सासूबाईंची ओळ झेलायला जन्मभर एकच बाई बसली. त्यांच्याच गावची, त्यांच्याच वयाची. सासूबाई तिला ‘माजी जोडीण’ म्हणतात.

मग जमिनी गेल्या, बिल्डिंगा आल्या. आम्ही सासूबाईंना गावाहून उचलून रोडपालीच्या फ्लॅटमध्ये आणलं आणि त्या सुखात आहेत असं सगळ्यांना सांगत सुटलो. जोडिणीचा नवरा वारला, तिला लेकीने सुरतेला नेलं. तीही सुखातच असणार, कारण तसं तिची लेक सांगायची.

दोघी फोनवर गायला बघायच्या. पण आवाज पोचायला जरासा उशीर व्हायचा, आणि एकीचं झेलणं दुसरीच्या पुढच्या ओळीवर येऊन आदळायचं. मग दोघी एकदमच थांबायच्या, दोघी एकदमच सुरू करायच्या, आणि शेवटी भाजी काय केली यावर गाडी यायची.

अशात आमच्या बिल्डिंगमधल्या एका मुलीची हळद होती. सासूबाईंनी एकटीने धवले म्हटले. नवऱ्याने ते शूट केले, वर फुलांची फ्रेम टाकली आणि त्या कुलूपबंद खात्यावर चढवले. भावकीतल्या लोकांनी भरपूर बदाम दिले, सुरतेच्या लेकीनेही एक दिला. त्यानंतर मात्र सुरतेचा फोन थंडावला. आपण लावला की लेक म्हणायची, आई झोपलीय. दुपारी झोपलीय, संध्याकाळी झोपलीय, सकाळी नुकतीच उठून परत झोपलीय.

सासूबाईंना काही कळेना. तेवढ्यात पळस्प्याला एका बारशात कोणीतरी त्यांना दाखवलं की एकीच्या व्हिडिओला दुसरी आपला व्हिडिओ जोडू शकते. पडद्याचे दोन भाग होतात, एकात ही, एकात ती, आणि आवाज जागच्या जागी बसतो. घरी आल्या त्या चप्पल न काढता माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

“गो, मना माज्या जोडिणीसंगं धवला गावाचा हाय. ती तिकरं, मी हिकरं. तू काय ता कर.”

मी एवढा हट्ट त्यांच्याकडून कधी ऐकला नव्हता. सुरतेच्या लेकीला मेसेज केला. तिचं उत्तर आलं की इकडून जोडायचं बटणच येत नाही, तुमच्याकडे काहीतरी ब्लॉक आहे. मी ते वाचून दाखवलं. सासूबाईंचा चेहरा पडला. एवढ्या दिवसांच्या झोपेचा त्यांना अर्थ लागला होता. “म्हंजे ती यवाला बघतंय, न् आमीच दार लावून बसलो?”

मी पनवेलच्या एका शाळेत संगणक शिकवते. त्यामुळे घरात माझी अशी ख्याती आहे की हे काम मी पोळी उलटता उलटता करीन. मीही तशीच बसले. आधी खातं खाजगी होतं ते सार्वजनिक केलं. बटण आलं नाही. मग कळलं की कोणी व्हिडिओ जोडावा याची परवानगी वेगळ्या खोलीत ठेवलीय. ती खोली ज्या पानावर असते असं इंटरनेटवरचे सगळे ज्ञानी छातीठोक सांगत होते, त्या पानावर ती नव्हती. शेवटी ती भलतीकडेच सापडली आणि मी ती उघडली. तरी बटण नाही. कारण खातं बंद असताना चढवलेला व्हिडिओ बंदच राहतो, त्याला वेगळं उघडावं लागतं. शाळेतल्या मुलांना मी ‘सूचना नीट वाचा’ असं रोज सांगते, त्याची आठवण मला त्या दिवशी अजिबात नको होती.

नवरा मागे उभा राहून देखरेख करत होता. “पब्लिक केलंस? अगं, सेफ्टीचं काय? कोण कोण बघेल!”

“तुझ्या बॅनरखालून जाणारे बघतात तेवढेच बघतील,” मी म्हटलं. तो जेवायला काय आहे ते बघायला गेला.

शेवटी सगळी कुलपं निघाली. आणि जग आलं. कुठल्याशा जिमवाल्याने सासूबाईंच्या धवल्यावर वजनं उचलली. एकाने शेजारच्या चौकटीत बसून मिसळ खाल्ली, पूर्ण, पावासकट. एका बाईने डोळ्यांत ग्लिसरीन घालून अश्रू ढाळले आणि खाली लिहिलं, ‘आपली संस्कृती’. संस्कृती रडण्याइतकी वाईट अवस्थेत आहे हे खरं, पण ते अशी रडणारी पाहिल्यावर जास्त पटतं. नवऱ्याची सेफ्टीची काळजी मात्र व्ह्यूज वाढले तशी आपोआप बरी झाली. आता तो आईला ‘कंटेंट’ म्हणायला लागला.

सासूबाई रोज विचारायच्या, “ती आली काय गो?” जिमवाला आलाय, मिसळवाला आलाय, हे त्यांना काय सांगणार? मी “नाय” म्हणायचे. त्या मान हलवून आपल्या कोलंब्या सोलत बसायच्या. मला त्या जिमवाल्याचा असा राग यायचा की विचारू नका.

शेवटी मी शाळेतूनच सुरतेला फोन लावला. लेक जरा घुटमळली. म्हणाली, “वहिनी, बटण कधीच आलंय. आईच नको म्हणते.” मी म्हटलं, दे तिला. ती झोपली नव्हती.

“तुजे सासूला सांग,” जोडीण म्हणाली. आवाज पातळ झाला होता, पण धार होती. “माजाबी तिनीच म्हटला. टाकलान तिनीच, झेललान तिनीच. भरल्या हलदीन. मंग आता मना कशाला बोलवतंय? जित्ती हाय मी अजून.”

मी मोबाईल कानाला धरून स्टाफरूममध्ये उभी राहिले. तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिला होता. सेटिंग तपासायला, बटण शोधायला, मिसळवाल्याला शिव्या द्यायला. सासूबाई त्यात दोघींच्या ओळी एकट्या म्हणताहेत हे मला दिसलंच नव्हतं, कारण मला त्यात एकच बाई दिसत होती. जोडिणीला त्यात तिची रिकामी न ठेवलेली जागा दिसली होती.

घरी येऊन सांगितलं. सासूबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं.

“पोर हलद लावून बसली व्हती गो,” त्या म्हणाल्या. “मी टाकला न् थांबले. कोन झेलंल म्हणून बघितला. सगल्या बायांचे हातान मोबाईल. कोनाला ठावंच नाय काय म्हणाचा ता. मंग देव अर्ध्या वाटंव ठेवू? म्हटला मीच.” त्यांनी ताट परत उचललं. “तिला लागणारच. मना लागला असता.”

मग त्यांनी फर्मान काढलं. तो व्हिडिओ पुसायचा. नवरा हबकला. “आई, अगं किती व्ह्यूज आहेत त्याला! व्हायरल होतोय!” सासूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढचं वाक्य गिळून बाल्कनीत गेला. मी पुसला. मनातल्या मनात मिसळवाल्याला निरोप दिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नऊवारी नेसली, हॉलमध्ये खाली चटई टाकली आणि मला समोर बसवलं. एक ओळ टाकली. मग तोंड मिटलं. माझ्या डावीकडे मान वळवली, जिथे आमचा शू-रॅक आहे, आणि त्या रिकाम्या जागेकडे बघत बसल्या. ओठ मिटलेले, मान ठेक्यात हलत होती. जोडिणीची ओळ जेवढी लांब, तेवढं थांबल्या. मग पुढची ओळ टाकली आणि पुन्हा थांबल्या. सगळा धवला असा अर्धा म्हटला. माझा हात भरून आला पण मी मोबाईल हलू दिला नाही.

नवऱ्याने पाहून निदान केलं, “ऑडिओ मध्ये मध्ये कट होतोय. परत घ्या.”

चढवण्याआधी सासूबाई म्हणाल्या, “आता बाकीच्यांना बंद कर. तिलाच यंव दे.” तेव्हा मी जन्मात पहिल्यांदा एखादी परवानगी एका झटक्यात, बरोबर पानावर जाऊन बदलली. ज्यांना सासूबाई स्वतः फॉलो करतात त्यांनीच जोडावं. त्या एकाच खात्याला फॉलो करत होत्या, सुरतेच्या. मुलाला नव्हत्या, हे त्याला अजून कळलेलं नाही.

उत्तर लगेच आलं नाही. आलं तेव्हा सासूबाई ओट्यापाशी बोंबील साफ करत होत्या. मी मोबाईल डब्यांना टेकवून उभा केला. डाव्या चौकटीत जोडीण, डोक्यावर पदर, सुरतेच्या कुठल्याशा खिडकीपाशी. प्रत्येक थांब्यात ती आली. एकदा खोकली, एका जागी आवाज फाटला, पण एकही ओळ तिने खाली पडू दिली नाही. सासूबाईंचा धवला संपला तरी ती उठली नाही. तिने नवीन ओळ टाकली, आयुष्यभर झेलणाऱ्या बाईने स्वतः, आणि उजवीकडे, सासूबाईंच्या चौकटीकडे बघत गप्प बसली.

सासूबाईंनी बोंबील धरलेल्या हातांनीच ती ओळ झेलली. ओट्यासमोर उभ्या राहून, मोठ्याने, डोळ्यांतून पाणी गळत असताना.

नवरा हॉलमधून धावत आला. “थांब आई, थांब, परत घे, मी रेकॉर्ड करतो!”

मी त्याच्या तोंडावर स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि कडी घातली.